हरणाऱ्या संघाची गोष्ट: मुलांच्या बेसबॉल-कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत एक ठरलेला प्रकार आहे. गावातल्या मुलांचा एखादा बेसबॉल संघ एकामागून एक सामने हरत असतो आणि त्या हंगामाची गोष्ट अकरा-बारा वर्षांचा एक खेळाडू सांगत असतो. ही पुस्तके मुलांच्या हाती देणाऱ्या किंवा त्यांना वाचून दाखवणाऱ्या मराठी पालकांना आणि शिक्षकांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अशा गोष्टीतला पराभव बहुतेक वेळा खेळाच्या नियमांतूनच उगवतो, आणि ते नियम ठाऊक असले की चांगले पुस्तक कोणते व ओढूनताणून रचलेले पुस्तक कोणते हे ओळखता येते, असे आमचे मत आहे.

बेसबॉल अजिबात माहीत नसेल तर अशी कादंबरी कळेल का?

कळेल. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला थोडीच तयारी लागते. पिचर चेंडूचा टप्पा न पाडता तो थेट बॅटरकडे फेकतो. तो चेंडू होम प्लेटवरून (बॅटरजवळ जमिनीवर असलेल्या पाटीवरून), साधारणपणे बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला आणि बॅटरने तो सोडला किंवा त्यावर बॅट फिरवून तो हुकवला, तर स्ट्राइक होते. असे तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चेंडू त्या पट्ट्याबाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर त्याला 'बॉल' म्हणतात. चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस (होम प्लेटपासून सुरू होणाऱ्या फेरीतला पहिला थांबा) फुकट मिळतो आणि यालाच 'वॉक' म्हणतात. तीन बेसना वळसा घालून पुन्हा होम प्लेटवर पोहोचले की एक धाव होते, आणि तीन खेळाडू बाद झाले की डाव दुसऱ्या संघाकडे जातो. बाकीचे बारकावे गोष्ट वाचता वाचता समजतात. मात्र 'वॉक' ही कल्पना सुरुवातीलाच नीट समजून घ्यावी, कारण दुबळ्या संघाच्या दुर्दशेचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

मुलांचा बेसबॉल मोठ्यांच्या बेसबॉलपेक्षा वेगळा असतो का?

बराच वेगळा असतो. या कादंबऱ्यांतले संघ बहुधा 'लिटल लीग' या मुलांच्या बेसबॉल-संघटनेचे किंवा तशाच एखाद्या स्थानिक लीगचे असतात. लिटल लीगच्या मुख्य विभागात साधारण नऊ ते बारा वर्षांची मुले खेळतात. त्यांच्या मैदानावर दोन बेसमधले अंतर ६० फूट असते, तर मोठ्यांच्या मैदानावर ते ९० फूट असते. मोठा पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो आणि लिटल लीगचा पिचर ४६ फुटांवरून. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते हे लक्षात घेतले, तर बारा वर्षांच्या बॅटरला चेंडू किती जवळून येतो याचा अंदाज येईल. या वयात काही मुलांची उंची अचानक वाढते आणि काहींची वाढत नाही. त्यामुळे एकाच सामन्यात मिसरूड फुटू लागलेला पिचर आणि त्याच्या छातीपर्यंत पोहोचणारा बॅटर समोरासमोर येतात. कादंबरीतल्या बॅटरला वाटणारी भीती अशा वेळी लेखकाने फुगवलेली असेलच असे नाही.

सामना नऊऐवजी सहा इनिंगचा असतो; एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. शिवाय मोठ्यांच्या खेळात धावपटू पिचर चेंडू टाकण्याआधीच बेसपासून काही पावले पुढे सरकून उभा राहू शकतो. लिटल लीगमध्ये मात्र चेंडू बॅटरपर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला बेस सोडता येत नाही.

दुबळा संघ हरतो म्हणजे नेमके काय होते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देतो. ज्याने हा खेळ पाहिलेला नाही, त्याला वाटते की समोरचा संघ जोरदार फटके मारत असेल. प्रत्यक्षात या वयात फटक्यांपेक्षा चुकांमुळे जास्त धावा जातात.

एक इनिंग डोळ्यांसमोर आणा. पिचरचा हात दमलेला आहे आणि त्याने पहिल्या बॅटरला चार बॉल टाकल्यामुळे तो चालत पहिल्या बेसवर गेला आहे. पुढचा चेंडू कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हला लागून मागच्या जाळीपर्यंत घरंगळतो आणि धावपटू दुसऱ्या बेसवर पोहोचतो. त्यानंतरच्या बॅटरलाही वॉक मिळतो. आता तिसरा बॅटर येतो. त्याच्या बॅटची जेमतेम कड लागते आणि चेंडू तिसऱ्या बेसकडे सुस्तपणे सरपटत जातो. तिथला मुलगा तो व्यवस्थित उचलतो, पण घाईघाईने केलेली त्याची फेक पहिल्या बेसवरच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. दोन्ही धावपटू होम प्लेट गाठतात. एव्हाना राइट फिल्डमधला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला मागे उभा असलेला मुलगा धापा टाकत चेंडूपर्यंत पोहोचलेला असतो आणि तिसऱ्या बेसकडे निघालेल्या बॅटरला अडवण्यासाठी जीव खाऊन चेंडू फेकतो. तोही तिसऱ्या बेसच्या पलीकडे जातो आणि बॅटर सरळ होम प्लेटवर येतो. तीन धावा झाल्या, पण स्कोअरबुकात एकाही खऱ्या फटक्याची नोंद नाही. दोन वॉक, एक निसटलेला चेंडू आणि दोन चुकीच्या फेकी एवढेच तिथे लिहिले जाईल. एकाच फटक्यावर बॅटर पूर्ण फेरी मारून आला की ती 'होम रन'; चुकांमुळे मिळालेल्या अशा धावेला प्रेक्षक गमतीने 'लिटल लीग होम रन' म्हणतात.

कादंबरी वाचताना लेखकाने पराभव अशा तपशिलाने रंगवला आहे का, हे अवश्य पाहावे. 'आम्ही पुन्हा हरलो' असे एका वाक्यात उरकून जो लेखक डगआउटमधल्या भांडणाकडे वळतो, त्याला बहुधा खेळात फारसा रस नसतो. तिसऱ्या बेसवरच्या मुलाची फेक हंगामाच्या शेवटी पहिल्या बेसवरच्या मुलाच्या ग्लोव्हमध्ये अचूक पडते, तेव्हा वाचकाला जो आनंद होतो, तो आधीच्या चार फेकी उंचावरून गेलेल्या पाहिल्याशिवाय होत नाही.

ज्याला खेळता येत नाही, त्यालाही मैदानावर का उतरवतात?

नियमच तसा आहे. लिटल लीगच्या नियमित हंगामात संघातल्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सामन्यात किमान एकदा फलंदाजी मिळाली पाहिजे आणि सहा बाद होईपर्यंत, म्हणजे दोन डाव, क्षेत्ररक्षणात उभे केले पाहिजे. संघात साधारण बारा-तेरा मुले असतात आणि मैदानावर एका वेळी नऊ जण लागतात. म्हणून प्रशिक्षकाला दर सामन्यात हे गणित जुळवावे लागते. आपल्याकडच्या गल्लीतल्या खेळात कच्च्या लिंबाला सांभाळून घेतात, पण त्याच्या बाद होण्यामुळे सामना ठरत नाही. येथे तसे नसते. येथे तो मुलगा शेवटच्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, बॅट घेऊन उभा राहू शकतो आणि त्याच्या बाद होण्याने सामना संपू शकतो. या एका नियमाने अशा कितीतरी कादंबऱ्यांना शेवटचा प्रसंग पुरवला आहे.

राइट फिल्डचा उल्लेख इतक्या वेळा का येतो?

बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे फटके मैदानाच्या डाव्या बाजूला जास्त जातात. त्यामुळे लहान मुलांच्या सामन्यात राइट फिल्डकडे चेंडू क्वचितच येतो आणि सर्वांत कच्चा खेळाडू तिथे उभा केला जातो. तो गवत उपटतो, ढग पाहतो, आणि चेंडू येतो तो नेमका अशाच क्षणी. मोठ्यांच्या खेळात मात्र राइट फिल्डरचा हात दणकट लागतो, कारण तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक फार लांबची असते.

चांगला पिचर एकच असेल, तर तोच दर सामन्यात का टाकत नाही?

वाढत्या वयातल्या कोपराला आणि खांद्याला इजा होऊ नये म्हणून. पूर्वी लिटल लीगमध्ये पिचरवरची मर्यादा इनिंगमध्ये मोजली जात असे, पण २००७पासून प्रत्यक्ष टाकलेले चेंडू मोजले जातात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५ आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ५० चेंडूंची मर्यादा आहे. या वयात ६६ किंवा त्याहून अधिक चेंडू टाकल्यास पुढे चार दिवस विश्रांती द्यावीच लागते; कमी चेंडू टाकले तर विश्रांतीचे दिवसही कमी होतात.

गोष्टीच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. संघातला एकमेव भरवशाचा पिचर चौथ्या इनिंगमध्ये मर्यादेला येऊन ठेपतो आणि ज्याने आयुष्यात कधी पिचिंग केलेले नाही अशा एखाद्याला पुढे यावे लागते. २००७च्या आधीच्या काळातली गोष्ट असेल, तर हे चेंडूंचे हिशेब त्यात दिसणार नाहीत. ती लेखकाची चूक समजू नये. उलट, आजच्या काळातल्या कादंबरीत एकाच मुलाने शनिवारी आणि लगेच सोमवारी पूर्ण सामना टाकला, तर मात्र लेखकाने गृहपाठ केलेला नाही असे खुशाल समजावे.

या संघांचे प्रशिक्षक असे गोंधळलेले का असतात? आणि संघांची नावे दुकानांची का असतात?

कारण प्रशिक्षक बहुधा कोणाचे तरी वडील किंवा आई असतात. स्थानिक लीग स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि संघाचे प्रशिक्षक दिवसा विमा विकणारे, नळदुरुस्ती करणारे किंवा शाळेत शिकवणारे गृहस्थ असतात. अनेक लीगमध्ये हंगामाआधी मुलांची चाचणी घेतात आणि प्रशिक्षक आळीपाळीने खेळाडू निवडतात. प्रशिक्षकाचे स्वतःचे मूल साहजिकच त्याच्याच संघात जाते. पिचिंग स्वतःच्याच मुलाला देणारा प्रशिक्षक हे अशा पुस्तकांतले नेहमीचे पात्र आहे, आणि स्टँडमध्ये बसलेल्या पालकांची कुजबुज ऐकली तर ते पात्र कल्पनेतून आलेले नाही हे पटते.

दुकानांच्या नावांची प्रथा लिटल लीगइतकीच जुनी आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी आपल्या भाच्यांना खेळता यावे म्हणून मुलांच्या मापाच्या मैदानाची कल्पना काढली आणि १९३९मध्ये तीन संघांची लीग सुरू केली. त्यांना पैसे देणारे आश्रयदाते होते एक लाकडाची वखार, एक दुग्धालय आणि एक प्रेट्झेल बनवणारा कारखाना. म्हणून संघांची नावे पडली लंडी लंबर, लायकोमिंग डेअरी आणि जंबो प्रेट्झेल. ६ जून १९३९ रोजी झालेल्या पहिल्याच सामन्यात लंडी लंबरने लायकोमिंग डेअरीचा २३–८ असा धुव्वा उडवला. त्याच डेअरीच्या संघाने पुढे हंगामाच्या पहिल्या टप्प्याचे विजेतेपद मिळवले आणि अखेरच्या मालिकेत लंडी लंबरला निर्णायक सामन्यात ३–२ असे हरवले. कादंबरीकाराने हेच कथानक रचले असते तर संपादकाने ते फारच सोयीचे म्हणून परत पाठवले असते.

धावांची फार मोठी आघाडी झाली की सामना थांबवतात, हे खरे आहे का?

होय. सहा इनिंगच्या सामन्यात चार इनिंगनंतर दहा धावांची आघाडी असेल, तर सामना तिथेच संपवण्याची तरतूद आहे. तीन इनिंगनंतर पंधरा धावांची आघाडी असली तरी तेच. धाकट्या विभागांत एका डावात पाच धावा झाल्या की फलंदाजी बदलण्याचाही नियम असतो. या तरतुदीने हरणाऱ्या मुलांना हायसे वाटते की आणखी लाज वाटते, यावर प्रत्येक लेखकाचे मत वेगळे असते.

मुलांच्या संघात मुलगी खेळते, हे फक्त गोष्टीतच घडते का?

नाही, पण हा हक्क सहज मिळालेला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात १९५०मध्ये कॅथरीन जॉन्स्टन या मुलीने वेण्या कापल्या, 'टबी' असे मुलाचे नाव घेतले आणि निवड चाचणी देऊन संघात जागा मिळवली. पुढे तिने आपण मुलगी असल्याचे सांगितले, तेव्हा प्रशिक्षकाने तिला काढले नाही, पण त्यानंतर लिटल लीगने मुलींना बंदी घालणारा नियमच केला. १९७२मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये मारिया पेपे ही मुलगी तीन सामने खेळली आणि वरून दबाव आल्यावर तिला थांबावे लागले. तिच्या बाजूने अमेरिकेतल्या राष्ट्रीय महिला संघटनेने दाद मागितली. मुलींची हाडे कमकुवत असतात, असा युक्तिवाद लिटल लीगच्या बाजूने झाला. तो मान्य झाला नाही, आणि १९७४मध्ये लिटल लीगने मुलींसाठी दार उघडले. तोपर्यंत मारियाचे वय उलटून गेले होते. म्हणूनच १९७४पूर्वीच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत मुलगी कोणाच्याही हरकतीशिवाय संघात खेळताना दिसली, तर लेखकाने इतिहास गुळगुळीत केला आहे असे समजावे.

२०१४मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे लिटल लीगच्या अंतिम स्पर्धेत, प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकून दिला. त्या स्पर्धेत अशी कामगिरी करणारी ती पहिली मुलगी. त्यानंतरच्या पुस्तकांत मुलगी पिचर असणे हा कथानकातला धक्का उरलेला नाही, आणि ते चांगलेच झाले.

वर्णभेदाचा विषय अशा पुस्तकांत ओढूनताणून आणला जातो का?

काही पुस्तकांत आणला जातो. पण हा विषय या खेळाच्या इतिहासात खोलवर आहे. १९५५मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीए या युवक-संस्थेच्या कृष्णवर्णीय मुलांनी राज्यस्पर्धेत नाव नोंदवले. त्यांच्याशी खेळावे लागू नये म्हणून गोऱ्या मुलांचे संघ स्पर्धेतून बाहेर पडले. त्यामुळे हा संघ न खेळताच विजेता ठरला, आणि मैदानावर सामना जिंकून वर आलेला नाही या कारणाने त्याला पुढच्या फेरीत मात्र प्रवेश नाकारला गेला. त्या मुलांना विल्यम्सपोर्टला, जिथे अंतिम स्पर्धा होते तिथे, पाहुणे म्हणून बोलावले गेले. त्यांनी बसने तिथपर्यंत प्रवास केला, प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांचे सामने पाहिले, आणि स्टँडमधून 'त्यांना खेळू द्या' अशा आरोळ्या उठल्या, तरी ती मुले खेळली नाहीत. हरणाऱ्या संघाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. हरण्याचीही संधी न मिळालेल्या संघाची ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

शेवटी हा संघ जिंकतोच का?

पुष्कळदा जिंकतो, पण जिंकावेच असा संकेत नाही. हरणाऱ्या मुलांच्या संघावरचा सर्वांत प्रसिद्ध अमेरिकी चित्रपट 'द बॅड न्यूज बेअर्स' १९७६मध्ये आला आणि त्यातला संघ अंतिम सामना हरतो. त्यामुळे शेवटी हरलेला संघ दाखवणे म्हणजे वाचकाची निराशा करणे, हा समज खरा नाही. आमचा आक्षेप वेगळ्या शेवटाला आहे. हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या गावाहून एखादा असामान्य खेळाडू येतो, तोच पिचिंग करतो, तोच होम रन मारतो आणि संघ विजेता होतो. मग आधीची मुले गोष्टीत कशासाठी होती, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो रास्तच आहे.

चमत्कार मुळीच घडत नाहीत असे नव्हे. १९५७मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्तेरेचा संघ सीमा ओलांडून टेक्सासमधल्या मॅकॅलनला पहिला सामना खेळायला गेला, तेव्हा तो विल्यम्सपोर्टपर्यंत पोहोचेल असे कोणालाही वाटले नव्हते. अंतिम सामन्यात आंखेल मासियास या त्यांच्या पिचरने कॅलिफोर्नियातल्या ला मेसाच्या अठराच्या अठरा बॅटरांना बाद केले आणि एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. संघ ४–० असा जिंकला. अमेरिकेबाहेरचा तो पहिला विजेता संघ.

हा प्रकार किती जुना आहे आणि कोणत्या वयासाठी आहे?

मुलांच्या क्रीडाकथांतले सर्वांत परिचित नाव मॅट ख्रिस्तोफर यांचे आहे. त्यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक १९५४मध्ये आले, ते बेसबॉलवरच होते, आणि पुढे त्यांनी शंभरहून अधिक पुस्तके लिहिली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना छोटी पुस्तके चालतात. ज्यात संघाच्या हरण्याबरोबर घरातला ताण, आजारपण किंवा आईवडिलांचे वेगळे होणे येते, अशी मोठी कादंबरी दहा ते तेरा या वयासाठी योग्य ठरते. मूल स्वतः कुठलाच खेळ खेळत नसेल, तरी हरकत नाही. बाकावर बसून राहण्याचा अनुभव शाळेच्या स्नेहसंमेलनातही मिळतो.

मराठी मुलांचा या जगाशी काही संबंध आहे का?

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांचा थेट संबंध आहे. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या अनेक मराठी घरांत वसंत ऋतूतले शनिवार लिटल लीगच्या मैदानावर जातात, आणि क्रिकेटवर पोसलेले बाबा आपल्या मुलाला ग्लोव्हने झेल घेण्याविषयी सल्ला देण्याचे धाडस करतात. तिथे भारतात शिकलेली काही कौशल्ये उपयोगी पडतात, पण आडव्या बॅटने फटका मारून बॅट खाली टाकायची आणि धावत सुटायचे, ही सवय लागायला वेळ लागतो. इकडे महाराष्ट्रात शालेय पातळीवर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले जातात. ज्या शाळेत सॉफ्टबॉलचा संघ आहे, तिथल्या मुलांना या कादंबऱ्यांतले बेस, कॅचर आणि स्ट्राइक समजावून सांगावे लागत नाहीत.

पुस्तकात '६-३' किंवा 'के' अशा नोंदी येतात. त्या कशा वाचाव्यात?

स्कोअरबुकात क्षेत्ररक्षकांना क्रमांक दिलेले असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६, लेफ्ट फिल्ड ७, सेंटर फिल्ड ८ आणि राइट फिल्ड ९. म्हणजे '६-३' याचा अर्थ शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला. 'के' म्हणजे तीन स्ट्राइकने बाद. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवताच गेला असेल तर ते अक्षर उलटे लिहितात. क्षेत्ररक्षकाच्या क्रमांकापुढे 'ई' असेल तर ती त्याची चूक, म्हणून वर वर्णन केलेल्या इनिंगमध्ये 'ई ५' आणि 'ई ९' अशा नोंदी होतील. पुस्तकात संघाचे स्कोअरबुक छापलेले असेल, तर गोष्ट वाचण्याआधी ते मुलांबरोबर एकदा उलगडून पाहावे. कोणत्या मुलाच्या नावापुढे 'ई' किती वेळा लागला आहे, एवढ्यावरून गोष्टीचा नायक कोण असेल याचा अंदाज मुले बरोबर बांधतात.